जर्मनीची चांदी आणि ‘जर्मन सिल्व्हर’



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली तेव्हा एका परिचित गृहस्थांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, “बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून तुम्ही चांदीच्या भांड्यांवर केव्हापासून बोलू लागलात?” प्रश्न रास्त आहे. माझे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि नगर वाचनालयात. आमच्या घरात चांदी म्हणजे देवातली एक वाटी आणि आईच्या पायांतली जोडवी. तेव्हा जुने जर्मन चांदीचे वाढण्याचे भांडे कसे ओळखावे, यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की एकदा ३२८ माणसांच्या वतीने ते मला ओळखावे लागले.

आमच्या भागातला एक इंजिनिअरिंग कारखाना बंद पडला आणि २००६ साली त्याच्या मालमत्तेची यादी झाली. कंपनी कायद्यात १९८५ साली जी दुरुस्ती झाली होती तिच्यामुळे बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेत कामगारांची थकीत देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली जात. म्हणजे यादीतील प्रत्येक वस्तूत आमच्या माणसांचा वाटा. म्हणून ती यादी मी ओळीओळीने वाचली. लेथ, ड्रिलिंग मशीन, भंगार, खुर्च्या असे उतरत उतरत पाहुण्यांच्या बंगल्यातील सामानापर्यंत आलो. तिथे एक ओळ होती : “ओगराळे, जर्मन सिल्व्हरचे, नग एक, किंमत रुपये दीडशे.”

त्या कारखान्याला एके काळी जर्मन कंपनीचे तांत्रिक सहकार्य होते. तिकडचे इंजिनियर त्या बंगल्यात महिनोन्‌महिने राहून गेले होते. त्यामुळे मला शंका आली. ‘जर्मन सिल्व्हरचे’ आणि ‘जर्मनीच्या चांदीचे’ या दोन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला एका मुलामा कारखान्यातील संपाच्या वेळी कळले होते.

ते अंतर आधी सांगतो, कारण सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत चांदीचा कणही नसतो. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. चिनी लोक असा पांढरा धातू पूर्वीपासून करीत आणि त्याच्या वस्तू युरोपात जात. १८२३ च्या सुमारास सॅक्सनीतील श्नेबर्ग गावच्या गाइटनर यांनी आणि बर्लिनच्या हेनिगर बंधूंनी तसा धातू स्वतंत्रपणे तयार केला. एकाने त्याला ‘आर्जेंटान’ म्हटले, दुसऱ्यांनी ‘नॉयझिल्बर’, म्हणजे नवी चांदी. इंग्रजांनी त्याला जर्मन सिल्व्हर केले आणि आपण ते नाव जसेच्या तसे उचलले. एवढ्यावर आपण थांबलो नाही. पुढे ॲल्युमिनियमची भांडी आली तेव्हा त्यांनाही आपल्या आयाबायांनी ‘जर्मनची’ किंवा ‘जर्मलची’ म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे मराठी घरात ‘जर्मन’ हा शब्द उच्चारला की भांड्याची किंमत आपोआप उतरते. यादी करणाऱ्या मूल्यांककाने लबाडी केली असे मला वाटत नाही. त्याने ओगराळे पाहिले, जर्मन आहे असे ऐकले, आणि हात सवयीने चालला.

लिलावापूर्वी माल पाहण्याची मुभा असते. मी हुपरीच्या एका वृद्ध कारागिरांना बरोबर नेले. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी म्हणजे चांदीचेच गाव. तिथली पैंजणे देशभर जातात. अवसायकाच्या कारकुनासमोर कपाट उघडले गेले. ओगराळे हातभर लांबीचे, वाटी खोल, दांड्याच्या टोकाशी वेलबुट्टी. कारागिरांनी कारकुनाची परवानगी घेऊन दांड्याची कड कसोटीच्या दगडावर हलकेच ओढली, रेघेवर अॅसिडचा थेंब सोडला, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, चांदी हाय. पर सोळा आणे न्हाई. तेरा आण्याच्या आतबाहेर.”

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी भिंग काढले आणि दांड्याच्या मागच्या बाजूला पाहिले. तिथे चार खुणा होत्या : एक लहानशी चंद्रकोर, तिच्या शेजारी मुकुट, मग ८०० हा आकडा, आणि थोड्या अंतरावर पंख पसरलेला इवलासा गरुड. यांखेरीज रोमन अक्षरांत एक नावही होते.

आता या खुणांचा अर्थ. जर्मनीचे साम्राज्य १८७१ साली एक झाले, तोवर तिथे जितकी राज्ये तितके नियम होते. १६ जुलै १८८४ रोजी सोन्याचांदीच्या कसाचा एकच कायदा झाला आणि १ जानेवारी १८८८ पासून तो अमलात आला. चांदीच्या भांड्यात हजारात निदान आठशे भाग चांदी असेल तरच त्यावर चंद्रकोर आणि राजमुकुट मारता येईल, सोबत कसाचा आकडा आणि पेढीची नोंदलेली खूण हवी, असे त्याने ठरविले. सोन्याच्या भांड्याला सूर्य आणि चांदीच्याला चंद्र! आपल्या ज्योतिषातही चांदी चंद्राचीच. तेव्हा चंद्र-मुकुट दिसला की भांडे १८८८ च्या आधीचे नव्हे, एवढे निश्चित झाले. कोणी दुकानदार चंद्र-मुकुटाचे भांडे दाखवून “हे अठराव्या शतकातले” म्हणू लागला, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

परंतु मला त्या कायद्यातली निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. इंग्लंडात चांदीवर छाप मारतो तो सोनार नव्हे. भांडे तपासणीगृहात जाते, तिथले लोक कस पाहतात आणि छाप मारतात. आपल्याकडे सोन्यासाठी २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली हॉलमार्कची योजना आली, तीही याच पठडीतली. तपासणी केंद्र दुकानाहून वेगळे. जर्मनीच्या १८८८ च्या पद्धतीत मात्र चंद्र, मुकुट आणि ८०० हे तिन्ही ठसे कारखानदार स्वतःच मारतो. सरकारचा पारखी मध्ये नाही. त्याऐवजी कायदा असे सांगतो, की आकडा खोटा निघाला तर विकणारा जबाबदार, आणि ठसा देशातच मारला गेला असेल तर ज्याच्या पेढीसाठी तो मारला तो मालकही तितकाच जबाबदार. म्हणजे हा छाप पंचांचा निवाडा नव्हे, मालकाने लिहून दिलेला जबाब आहे. कामगारांत इतकी वर्षे काढलेला माणूस मालकाच्या जबाबाकडे कोणत्या नजरेने पाहतो हे तुम्हाला सांगायला नको! खोटाच असेल असे नाही. पण त्याखाली नाव कोणाचे आहे आणि उलटतपासणी कशाने करायची, हे आधी पाहावे लागते.

नाव पाहताना पुष्कळ लोक चुकतात. ठळक अक्षरांत जे नाव असते ते बहुधा दुकानदाराचे, त्या गावच्या जवाहिऱ्याचे. घडविणाऱ्या कारखान्याची खूण म्हणजे ते बारीक चित्र. आमचा गरुड हा हाइलब्रॉन येथील ब्रुकमान आणि पुत्र या कारखान्याचा. हा कारखाना १८०५ साली सुरू झाला आणि १९७३ पर्यंत चालला. त्याच घराण्यातले पेटर ब्रुकमान हे १९०७ साली स्थापन झालेल्या ‘वेर्कबुंड’ या कारखानदार आणि कलावंतांच्या संस्थेचे एक पुढारी. तर दुकानदाराचे नाव मोठ्या अक्षरांत, कारखानदाराचा गरुड लहान, आणि ज्याने वाटी ठोकली, ज्याने वेल कोरली, ज्या बाईने पॉलिश केले, त्यांची खूण कुठेच नाही. कितीही मोठे भिंग घेतले तरी नाही.

१८८८ च्या पूर्वीचे भांडे असेल तर प्रकार निराळा. तिथे गावाचा छाप आणि उस्तादाचा छाप अशी जोडी असते. आउग्सबुर्गचा छाप म्हणजे पाइन झाडाचे फळ, न्यूर्नबर्गचा ‘एन्’ हे अक्षर, बर्लिनचा अस्वल. आउग्सबुर्गकरांनी तर १७३५ पासून त्या फळाखाली एक अक्षर घालायला सुरुवात केली, त्यावरून भांड्याचा काळ दोन-चार वर्षांच्या आत ठरविता येतो. हा छाप सोनारांच्या पंचायतीने नेमलेला पारखी मारी. (पंचायत म्हटले तरी ती उस्तादांची. रोजावरच्या गड्याला तिथे मत नव्हते.)

पारखी कस कसा पाही? तो पोलादी टोचा डावी-उजवीकडे डोलवीत भांड्याच्या तळावरून चालवी आणि धातूचा बारीक कीस काढी. तो कीस भट्टीत तपासला जाई. भांड्यावर उरे ती नागमोडी, करवतीच्या दातांसारखी रेघ. जुन्या जर्मन चांदीच्या बुडाशी अशी रेघ दिसली की मला फार आनंद होतो. छाप हा निकाल आहे, पण ही रेघ म्हणजे तपासणी खरोखर झाल्याची खूण. अर्थात नक्कल करणाऱ्यांनाही हे ठाऊक असल्याने तेही रेघ काढतात. पण ती फार नीटनेटकी, शोभेसाठी काढल्यासारखी येते. कीस काढणाऱ्या माणसाला शोभेची पर्वा नसते.

त्या काळी कस मोजत तो ‘लोट’ या मापाने. निखळ चांदी सोळा लोट. ऐकून काही आठवते का? आपले सोळा आणे! बारा लोट म्हणजे हजारात ७५०, तेरा लोट म्हणजे ८१२ आणि वर अर्धा. जुन्या भांड्यांवर नुसता १२ किंवा १३ हा आकडा दिसतो तो हाच. तेव्हा ८०० कस म्हणजे पावणेतेरा लोटांपेक्षा किंचित अधिक. हुपरीच्या कारागिरांनी जर्मनीचा नकाशाही कधी पाहिला नसेल, पण त्यांचे “तेरा आण्याच्या आतबाहेर” आणि दांड्यावरचे ८०० हे एकाच जागी येऊन भेटले. मालकाच्या जबाबाला पहिला स्वतंत्र साक्षीदार मिळाला तो असा.

दुसरा साक्षीदार पाणी. हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता, त्यात भांड्याला ओरखडाही पडत नाही. ओगराळे काट्यावर तोलले, २१३ ग्रॅम भरले. मग दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडविले आणि तोलले, १९२ भरले. पाण्याने २१ ग्रॅम उचलले. २१३ ला २१ ने भागा, १०.१४ येतात. निखळ चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६; त्यांचे आठास दोन मिश्रण केले तर १०.१४ च्या आसपासच आले पाहिजे. तेच ओगराळे जर्मन सिल्व्हरचे असते तर पाण्याने सुमारे साडेचोवीस ग्रॅम उचलले असते. कारकून कॉमर्सचा पदवीधर होता. त्याने हिशेब स्वतः दोनदा करून पाहिला आणि मग माझ्याकडे खुर्ची सरकवली.

मात्र ही युक्ती भरीव वस्तूलाच लागू पडते. मासा वाढण्याचे पसरट कालथे, केक उचलण्याच्या सुऱ्या यांची मूठ पुष्कळदा पोकळ असून आत राळेसारखे सारण भरलेले असते. तिथे पाणी फसवते आणि तराजूही फसवतो. शिवाय मुठीवरचे ८०० मुठीपुरतेच असते. पात्यावर छाप नसेल तर पाते पोलादाचे किंवा मुलाम्याचे समजावे.

मुलाम्याच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे, तो ९० या आकड्याचा. आमच्या एका सभासदाच्या घरी जर्मन चमच्यांचा संच होता, त्यावर ९०. त्यांची समजूत, नव्वद टक्के चांदी. मुलीच्या लग्नात ते मोडायचे त्यांनी मनात धरले होते. प्रत्यक्षात ९० चा अर्थ असा, की बारा मोठे चमचे आणि बारा काटे अशा चोवीस नगांवर मिळून नव्वद ग्रॅम चांदीचा मुलामा चढविला आहे. म्हणजे नगामागे चार ग्रॅमही नाही! हे सांगणे माझ्या जिवावर आले होते. अशा चमच्याचा तळ, जो टेबलावर घासतो, तिथे पाहावे. मुलामा झिजून खालचा पिवळसर, करडा धातू डोकावतो. खरी चांदी कितीही झिजली तरी खाली चांदीच लागते.

आता नकलांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण फसवणूक होते ती बहुधा इथे. फ्रँकफुर्टजवळ हानाऊ नावाचे गाव आहे. धर्मासाठी देशोधडीला लागलेल्या फ्रेंचभाषक लोकांनी १५९७ साली तिथे नवी वस्ती केली आणि त्यांच्याबरोबर हातातली कलाही आली. १७७२ पासून त्या गावात चित्रकलेची शाळा आहे, सोनारांना रेखाटन शिकविणारी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवश्रीमंत लोकांना पूर्वजांची चांदी हवीशी वाटू लागली. पूर्वज विकत मिळत नाहीत, पण चांदी मिळते. हानाऊच्या कारखान्यांनी सोळाव्या, अठराव्या शतकाच्या घाटाची भांडी घडविली आणि त्यांच्यावर जुन्या आउग्सबुर्ग-पॅरिसच्या धर्तीचे कल्पित छापही मारले. अशा भांड्यांचे काम पाहिले तर मान डोलवावी असे असते. माझे मत विचाराल तर ती भांडी खोटी नव्हेत, त्यांची जन्मतारीख खोटी आहे. घडविणाऱ्या हातांनी काही कमी केले नव्हते.

त्यातली गंमत अशी, की हा माल इंग्लंडला गेला की तिथले तपासणीगृह त्यावर आपला आयातीचा छाप मारी, वर्षाच्या अक्षरासकट. त्यामुळे एकाच भांड्यावर सतराव्या शतकाचा आव आणणारा छाप आणि शेजारी विसाव्या शतकाच्या आरंभीचा चेस्टर शहराचा छाप असे दोघे शेजारी नांदताना दिसतात. लोक पहिला वाचतात आणि दुसरा ओरखडा समजून सोडून देतात.

निखालस बनावट पकडायची तर छाप वाचण्यापूर्वी छापाची कड पाहावी. पोलादी ठसा हातोड्याने बसतो तेव्हा धातू दबतो; कड धारदार येते, आणि पत्रा पातळ असेल तर मागच्या बाजूला किंचित फुगवटा येतो. साच्यात ओतलेल्या नकलेत छाप बोथट आणि रवाळ दिसतो. दोन नगांवरचे छाप अगदी त्याच जागी, त्याच कोनात, त्याच झिजेसकट आढळले तर दोन्ही एका साच्यातले. माणसाचा हात दोनदा तंतोतंत एकाच जागी पडत नाही. आणखी एक चलाखी म्हणजे जुन्या चमच्याचा छाप असलेला तुकडा कापून मोठ्या भांड्यात डाख लावून बसविणे. तिथे तोंडाची वाफ सोडावी. वाफ विरताना डाखाची रेघ चौकटीसारखी क्षणभर उमटते.

हल्ली क्ष-किरणांची यंत्रे आली आहेत, वस्तू समोर धरली की कस सांगतात. ती चांगली आहेत, पण ती पाहतात फक्त कातडी. मुलामा जाड असेल तर फसतात. खऱ्या जुन्या चांदीतही फसतात, कारण तिकडे भांडे तयार झाल्यावर आम्लात उकळून पांढरे करीत; त्याने वरच्या थरातले तांबे निघून जाई. त्यामुळे ८०० कसाचे भांडे वरवर त्याहून चढे दिसते. जाणकार दुसरेच पाहतात. जुन्या चांदीत सोन्याचा, शिशाचा अंश राहून गेलेला असतो. विजेने शुद्ध केलेल्या आजच्या चांदीत तो जवळजवळ नसतो. फार स्वच्छ चांदी जुनेपणाचा दावा करू लागली की संशय घ्यावा.

आमच्या ओगराळ्यावरही मी वाफ सोडली. डाख कुठे दिसला नाही. पण दांड्याच्या पुढच्या बाजूस, जिथे वेल संपते त्या मोकळ्या जागी, दोन अक्षरांची सावली उमटली आणि विरली. बोट फिरवले तर तिथे पत्रा किंचित खोलगट लागला. कोणाची तरी आद्याक्षरे होती आणि ती घासून काढली होती. कारागीर म्हणाले, “नाव पुसलंय.” ते यापूर्वी शंभर वेळा त्यांनी पाहिले असणार, मोडीत आलेल्या भांड्यांवरची नावे आपल्याकडेही पुसली जातात.

जर्मनीत नावे पुसली जाण्याची साधी कारणे पुष्कळ असतात. घर मोडते, वारस विकतात, दुकानदार नव्या गिऱ्हाइकासाठी जागा कोरी करतो. पण एक कारण असे आहे, की तिकडच्या चांदीविषयी बोलताना ते सोडून पुढे जाता येत नाही. २१ फेब्रुवारी १९३९ रोजी नाझी सरकारने हुकूम काढला, की सर्व ज्यूंनी आपल्याजवळचे सोने, चांदी, रत्ने दोन आठवड्यांत सरकारने नेमलेल्या ठिकाणी आणून द्यावीत. ही ठिकाणे म्हणजे नगरपालिकांची गहाणवटीची दुकाने. मोबदला म्हणून नाममात्र रक्कम. लग्नाची अंगठी ठेवता येई. माणशी सुरी, काटा, मोठा चमचा आणि लहान चमचा असे दोन संच ठेवता येत, आणि वर हलक्या वजनाच्या काही किरकोळ वस्तू. वाढण्याची भांडी या सवलतीत बसत नव्हती. एकट्याने जेवण्यापुरती चांदी ठेवायची, पंगतीला वाढायची द्यायची, असा तो हिशेब! त्यातील पुष्कळ चांदी वितळविली गेली. काही संग्रहालयांनी विकत घेतली. म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात अशा शंभराहून अधिक वस्तू राहिल्या होत्या आणि अलीकडच्या वर्षांत तिथले अधिकारी त्या घराण्यांचे वंशज शोधून वस्तू त्यांच्या हाती नेऊन देत आहेत. कोणाची वस्तू हे ठरविताना कारखान्याचा छाप उपयोगी पडत नाही. गहाणवटीच्या नोंदी आणि भांड्यावर उरलेली आद्याक्षरे, यांवरच काम चालते.

आमच्या ओगराळ्याच्या बाबतीत असे झाले असे मी म्हणत नाही. मी एवढेच केले, की अवसायकाला दिलेल्या अर्जात छाप, कस, वजन यांच्याबरोबर “दांड्यावरील दोन आद्याक्षरे घासून काढलेली” हेही लिहिले. नोंद दुरुस्त झाली. चांदीच्या त्या वेळच्या भावाने धातूची किंमत तीन हजारांच्या आसपास आली. ३२८ माणसांत वाटली तर डोई नऊ रुपये. आमच्यातला एक जुना टर्नर मला म्हणाला, “साहेब, नऊ रुपयांसाठी तुम्ही दोन वेळा एसटीने गेलात, तिकीट किती झालं?” तिकीट नव्वद रुपये झाले होते. पण त्या ओळीमुळे सबंध यादीची फेरतपासणी झाली आणि बिडाचे भंगार म्हणून लिहिलेल्या एका ढिगात गनमेटलच्या बुशांच्या पेट्या निघाल्या. त्या ओळखायला भिंग लागले नाही. ज्याने त्या तीस वर्षे बसविल्या होत्या तो टर्नरच पुढे झाला.

मी इथे टेबलावर एक भिंग, कसोटीचा दगड, ९० चा एक मुलाम्याचा चमचा आणि बारा लोटांचा एक खरा जुना चमचा ठेवला आहे. दोन्ही हातात घेऊन पाहा. कोणी घरून काही आणले असेल तर तेही पाहू. मात्र आणण्यापूर्वी चिंच-राखेने घासले असेल तर माझ्यावर रागावू नका, कारण छापाच्या कडा मग मला दिसणार नाहीत. अॅसिडची बाटली मी मुद्दाम आणलेली नाही. ते काम हुपरीच्या माणसांचे.